समुद्रावरील पंगत
(आपल्या संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक सामान्य शिक्षक. जन्मभर मराठी शाळेत भूगोल व गणित शिकविले. कॅरिबियन समुद्र आम्हांस ठाऊक होता तो भिंतीवरच्या नकाशातला, वेताच्या छडीच्या टोकाने मुलांना दाखविण्याचा. सन २०२४ च्या मे महिन्यात त्या समुद्रावर आमच्या घरची तेरा माणसे सात रात्री एका प्रचंड जहाजावर राहून आली, हे कळल्यावर चिटणीस महोदयांनी त्या प्रवासाविषयी बोलण्याची आज्ञा केली. आज्ञा मानणे आमचे कर्तव्य आहे. मात्र प्रवासवर्णन सांगून आपला वेळ घ्यावा असा आमचा हेतू नाही. कुटुंब घेऊन समुद्रावर जाताना काय सांभाळावे लागते, आणि आमच्या हातून काय सांभाळले गेले नाही, ते सांगावयाचे आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट. सन १८८८ मध्ये मोहनदास करमचंद गांधी हा अठरा वर्षांचा तरुण विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईतील त्याच्या ज्ञातीने सभा भरवून त्यास वाळीत टाकले; इतकेच नव्हे, तर जो कोणी त्यास मदत करील किंवा पोचविण्यास धक्क्यावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. त्याच्या पाच वर्षे आधी, १८८३ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. त्यांनाही स्वकीयांची बोलणी थोडी का सोसावी लागली? ज्ञातिसंस्था त्या काळी समुद्र ओलांडणाऱ्यास दंड करीत. आज आमची संस्था त्यास शाल व श्रीफळ देऊन व्यासपीठावर बसविते. काळ किती पालटला हे यावरून दिसते. परंतु त्या जुन्या लोकांच्या मनात जी भीती होती, की समुद्रापलीकडे गेलेला माणूस आपल्या पंगतीतून उठेल, ती भीती सर्वस्वी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पंगतीतून उठण्यास समुद्र ओलांडावा लागत नाही, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

आता हे असे का म्हणतो ते सांगतो. आम्ही तिघे भाऊ. थोरले दादा चार वर्षांपूर्वी वारले, म्हणजे प्रवासाच्या वेळेपासून चार वर्षे. ते गेल्यानंतर कोकणातील वडिलार्जित घराच्या वाटणीवरून आमच्यात आणि धाकट्या बंधूंत शब्दाला शब्द वाढला. कोर्टकचेरी झाली नाही, हे दैव. पण चार वर्षे आम्ही दोघे एका पंगतीस बसलो नाही. कार्यप्रसंगी भेट झाली तर "बरे आहे ना" यापलीकडे बोलणे नाही. अशी घरे आपल्या ज्ञातीत आमचे एकच असेल असे आम्हांस वाटत नाही. म्हणूनच हे उघड्यावर बोलण्याचे धाडस करीत आहोत.

या प्रवासाची कल्पना आमच्या अमेरिकेतील चिरंजीवांची. "सगळ्यांनी एकदा एकत्र यायचे असेल तर जहाजच बरे, तिथून रागावून कोणाला निघून जाता येत नाही," असे तो हसत म्हणाला. त्या हसण्यात बरेच काही होते. त्याने पहिला निरोप आपल्या मोठ्या आईस, म्हणजे आमच्या वहिनींना पाठविला. दादांना मूलबाळ नाही. आमची दोन्ही मुले वहिनींच्या मांडीवर वाढली. वहिनी एकाहत्तर वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "लग्न होऊन सासरी आले ती मुंबईच्या बोटीनं, आणि सबंध रात्र मला बोट लागली होती. आता या वयात कशाला?" पण खरे कारण बोट लागण्याचे नव्हते. ते आम्हांस पुढे कळले.

या जहाजांचे भाडे दोन माणसांची एक खोली असे धरून ठरविलेले असते. तिसरा व चौथा माणूस त्याच खोलीत राहिल्यास त्याचे भाडे बहुधा कमी. परंतु एकटा माणूस खोली घेईल तर त्यास जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. सगळे जग जोडप्यांसाठी रचलेले आहे, आणि विधवा बाईस त्याचा दंड भरावा लागतो, हे वहिनींनी कोणा शेजारणीकडून ऐकले होते. आमच्या चौदा वर्षांच्या नातीने हा प्रश्न एका वाक्यात सोडविला: "मी मोठ्या आजीबरोबर राहणार." येणेप्रमाणे पाच खोल्यांत तेरा माणसे बसली.

पैशाचा दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. चिरंजीव सर्वांचा खर्च करण्यास तयार होता, धाकटे बंधू म्हणाले, "पुतण्याच्या पैशानं मी प्रवास करणार नाही." आम्हांस तेव्हा तो ताठा वाटला. आज वाटते, तो स्वाभिमान होता. अखेर प्रत्येक कुटुंबाने आपापला खर्च करावा, व वहिनींचा खर्च सर्वांनी सारखा वाटून घ्यावा असे ठरले. ज्यांना असा प्रवास करावयाचा असेल त्यांना आमचे पहिले सांगणे हेच, की पैशाचे बोलणे घरी, निघण्याच्या आधी, स्पष्ट शब्दांत करावे. जहाजावर जेवणाचे पैसे भाड्यात धरलेले असतात. पण थंड पेये, मद्य, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहली, नोकरांची बक्षिसी ही सारी निराळी. हातात एक पत्त्यासारखे कार्ड देतात, तेच खोलीची किल्ली आणि तेच पैशाची थैली. रोख काही द्यावे लागत नाही, म्हणून खर्च कळत नाही. शेवटच्या दिवशी बिल येते तेव्हा कळतो.

दुसरे सांगणे कागदपत्रांविषयी. जहाज अमेरिकेच्या बंदरातून निघून परदेशांस शिवून पुन्हा अमेरिकेत येते. म्हणून प्रत्येकाजवळ एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा अमेरिकेचा व्हिसा हवा. आणि वाटेतील प्रत्येक देशाचा भारतीयांसाठी काय नियम आहे तो तिकिटे काढण्यापूर्वी पाहावा. व्हिसाच्या मुलाखतीस तारीख मिळता मिळता महिने जातात, तेव्हा एक वर्ष आधी आरंभ करणे शहाणपणाचे. तिसरे सांगणे आजारपणाविषयी. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल ऐकून निरोगी माणूस आजारी पडावा. प्रवासी विमा काढल्यावाचून वडीलधाऱ्या माणसांनी पाऊल उचलू नये. ट्रंका धक्क्यावरच हमाल घेतात व त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात. म्हणून औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत. ज्यांना बोट लागण्याचे भय आहे त्यांनी जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर खोली मागावी, तेथे हेलकावा सर्वांत कमी असतो. वहिनींसाठी आम्ही तशीच खोली घेतली, आणि सात दिवसांत त्यांना एकदाही बोट लागली नाही.

जहाजाच्या आकाराविषयी दोन शब्द, कारण मुले तेच विचारतात. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकची लांबी २६९ मीटर, आणि तिचे माप सुमारे ४६ हजार टन. सन २०२४ च्या जानेवारीत प्रवासास निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज ३६५ मीटर लांब, वीस मजल्यांचे, आणि माप सुमारे २ लाख ४८ हजार टन. हे टन वजनाचे नव्हेत. जहाजाच्या पोटातील एकूण पोकळीचे ते माप आहे. म्हणजे पाच टायटॅनिक त्याच्या पोटात मावावीत. आमचे जहाज त्याहून काहीसे लहान; तरी त्यावर पाच हजारांवर उतारू, आणि नाटकगृह, पोहण्याचे तलाव, दुकाने, जुगाराची खोली, मुलांचे क्रीडागृह असे सर्व काही. आमच्या गावची सबंध वस्ती त्यात बसली असती व उरलेल्या जागेत जत्रा भरविता आली असती.

मायामी बंदरात जहाजावर चढल्याबरोबर पहिले काम म्हणजे संकटकाळची कवायत. कोणत्या जागी जमावयाचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधावयाचे, हे प्रत्येकाने पाहून आपल्या ठरलेल्या ठिकाणी हजेरी द्यावयाची. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे गेली; त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ही कवायत व्हावी असा दंडक आला. पुष्कळ उतारू ती हसत-खिदळत करतात. वहिनी हसल्या नाहीत. आपण कोकणातली माणसे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती कथा आपल्या प्रत्येक घरात लहानपणी ऐकलेली असते. वहिनींनी ठरलेल्या जागी उभे राहून आमची माणसे बोटाने मोजली. "बारा आणि मी तेरा," असे म्हणाल्या. त्या क्षणापासून दिवसातून दोनदा माणसे मोजण्याचा त्यांनी नेमच केला. मुलांनी थट्टा केली. त्यांनी ती चालू दिली, पण मोजणे सोडले नाही.

आता या प्रवासातील मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी आम्ही एक चूक केली. शिक्षकाची सवय! आम्ही सर्वांसाठी वेळापत्रक केले. नऊ वाजता सर्वांनी न्याहारीस, दहा वाजता सर्वांनी डेकवर, अकरा वाजता सर्वांनी नाटकगृहात. दुपारपर्यंत नात रुसली, जावई गप्प झाले, नातू हरवला आणि सापडला, व आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखू लागले. संध्याकाळी सूनबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, दिवसभर सगळ्यांना एका दोरीत बांधण्यापेक्षा संध्याकाळी सहाचं जेवण तेवढं सगळ्यांनी पाळू या." जहाजाच्या मोठ्या भोजनगृहात वेळेची ठरलेली पंगत असते, आणि सातही दिवस तेच टेबल, तेच वाढपी. आमच्यासाठी दोन टेबले जोडून तेरा आसने मांडली होती. दिवसभर ज्याने त्याने मनाला येईल तेथे जावे. सहा वाजता तेरा आसने भरलेली हवीत. तेवढा एकच नियम राहिला, आणि आश्चर्य हे, की तो मोडण्याची कोणास इच्छा झाली नाही. दिवसभराच्या निरनिराळ्या हकीकती सांगावयास प्रत्येकास श्रोते हवे होते.

आमच्या टेबलाचा वाढपी गोव्याचा. ही जहाजे ज्यांच्या कष्टांवर चालतात त्यांत गोवेकर पुष्कळ. 'तारवटी' हा शब्द त्या घरांतून वडिलोपार्जित आहे. त्याचे वडीलही तारवटीच होते. वहिनी मालवणीत बोलल्या, तो कोकणीत बोलला, आणि सर्व काही समजले. आदल्या रात्री सांगून ठेवले की दुसऱ्या दिवशी तो वहिनींपुढे वरण-भात आणून ठेवी. आठ महिन्यांच्या करारावर आलेला. धाकट्या मुलीला तिच्या जन्मानंतर एकदाच घरी जाऊन पाहिलेले. आम्ही सुट्टी म्हणून समुद्रावर आलो होतो, तो घर चालविण्यासाठी. आपले काही बांधव परदेशात "आम्ही पैसे भरले आहेत" या तोऱ्यात अशा माणसांशी तुटक बोलतात, थाळी भरभरून घेतात आणि टाकतात. ज्याने असे केले त्याने आपल्या मायघरच्या माणसाचा अपमान केला असे आम्ही समजतो.

त्या पंगतीत आम्ही व धाकटे बंधू दोन टोकांना बसत होतो. बोलणे मुलांमार्फत.

तिसऱ्या दिवशी जहाज जमैका बेटावरील फालमथ या बंदरास लागले. हे गाव एके काळी साखर व रम यांच्या व्यापाराचे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर ती साखर होई. १ ऑगस्ट १८३८ रोजी गुलामांस पूर्ण मुक्तता मिळाली, तेव्हा येथील बाप्टिस्ट मंदिराच्या आवारात लोकांनी बेड्या, चाबूक आणि लोखंडी गळपट्टा एका शवपेटीत घालून पुरले. पुढे ऊसमळ्यांना मजूर हवे झाले, आणि ते आणले गेले हिंदुस्थानातून. १० मे १८४५ रोजी या बेटाच्या दुसऱ्या बाजूस, ओल्ड हार्बर येथे, आपल्या मजुरांचे पहिले जहाज लागले. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार माणसे आली. बहुतेक बिहार व संयुक्त प्रांताकडील, कलकत्त्याहून चढलेली. काळे पाणी ओलांडण्याचा दंड त्यांनी दिला तो सव्वा रुपयाचा नव्हे, सबंध आयुष्याचा. बाजारात आंबे विकणारी एक बाई वहिनींच्या कपाळाकडे पाहून थांबली. तिच्या आजीची आजी हिंदुस्थानातली. गावाचे नाव तिला ठाऊक नव्हते. तिने एक आंबा कापून वहिनींच्या हातावर ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. या गोष्टीस दीड वर्ष झाले नाही तोच, २८ ऑक्टोबर २०२५ रोजी, 'मेलिसा' या भयंकर चक्रीवादळाने जमैकास झोडपले. बातमी वाचून वहिनींनी पहिल्यांदा विचारले ते त्या बाईविषयी. तिचे नाव आम्ही विचारून घेतले नव्हते.

आता आमच्या हातून घडलेली चूक. जहाजाचे घड्याळ मायामीच्या वेळेवर चालते. मे महिन्यात अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. जमैका तसे करीत नाही. म्हणून बेटावर साडेतीन वाजतात तेव्हा जहाजावर साडेचार वाजलेले असतात. आदल्या संध्याकाळी खोलीत आलेल्या पत्रकात जहाजाचीच वेळ पाळावी असे छापले होते. आम्ही नातवंडांना बसवून, एक संत्रे हातात घेऊन, पृथ्वीचे फिरणे आणि वेळेतील फरक समजावून सांगितला. चाळीस वर्षे तेच शिकविले! धाकटे बंधू चार पावलांवर बसले होते. त्यांना सांगितले नाही. सकाळी ते आपल्या चिरंजीवांसह स्वतंत्रपणे गाव पाहावयास निघाले, तेव्हा एकदा म्हणाले, "अण्णा, येता का?" आम्ही म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे." त्याही वेळी सांगितले नाही. विसरलो असे म्हटले तर आपणांस खरे वाटेल. पण येथे देवासमक्ष खोटे बोलावयाचे नाही. मनात आले होते, आणि तोंडातून निघाले नाही.

सर्वांनी साडेचारपर्यंत परत यावयाचे, पाच वाजता जहाज सुटावयाचे. साडेचारला वहिनींनी माणसे मोजली. अकरा. पुन्हा मोजली, अकराच. हातातील फोन बेटावर गेला की आपोआप बेटाची वेळ दाखवितो. बंधूंच्या फोनात साडेतीन वाजले असणार आणि ते निवांत हिंडत असणार, हे आमच्या एका क्षणात ध्यानात आले. फोन लागेना. चौकशीच्या टेबलाशी चिरंजीव धावला. जहाजाने चालविलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. आपले आपण गेलेल्या माणसासाठी थांबत नाही, हा सर्वत्र नियम आहे. थोड्या वेळाने एक अधिकारी आला व बंधूंच्या पत्नीस सौम्यपणे म्हणाला, की त्यांच्या खोलीतील कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढून द्यावेत. ते धक्क्यावरील प्रतिनिधीच्या हवाली करून जहाज सुटेल, म्हणजे मागे राहिलेल्या माणसांना स्वतःच्या खर्चाने पुढे येता येईल. त्या माउलीचा हात कापत होता; कुलूप उघडेना. ते आमच्या सौभाग्यवतींनी उघडले.

आम्ही कठड्याशी उभे होतो. पासपोर्ट घेऊन एक माणूस खाली धक्क्यावर उतरला. चार वर्षे ज्या भावाचे तोंड पाहू नये असे वाटत होते, त्याचे तोंड त्या लांबलचक धक्क्यावर कोठे दिसते काय, हे आम्ही डोळे फाडून पाहत होतो. घराच्या वाटणीतली खोली, परसातली फणसाची झाडे, कागद, सह्या, यांतले एकही त्या वेळी आठवले नाही. आठवले ते एवढेच: लहानपणी आजोळी जाताना बोट किनाऱ्यापासून दूर उभी राही, पडावातून उतरावे लागे, आणि दादा आम्हांस बजावीत, "धाकट्याचा हात सोडू नकोस."

पाचाला दहा मिनिटे असताना दोघे धावत येताना दिसले. वरच्या मजल्यांवरून शेकडो उतारू टाळ्या पिटून हुर्यो करीत होते. उशीर झालेल्या माणसांची अशी मौज करण्याची तेथे रीतच आहे. एकसष्ट वर्षांचे आमचे बंधू, चपला हातात घेऊन, त्या टाळ्यांतून धावत होते. बेटावरून परतणाऱ्या एका गाडीवाल्याने त्यांना खरी वेळ सांगितली होती. परक्याने सांगितली ती वेळ सख्ख्या भावाने सांगितली नव्हती.

सहा वाजता पंगत बसली. तेरा आसने. आम्ही आपली जागा सोडून बंधूंच्या शेजारी जाऊन बसलो व म्हणालो, "चूक आमची आहे. वेळेतला फरक आम्हांस ठाऊक होता." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णा, विचारायला मला तरी काय झालं होतं?" वहिनी म्हणाल्या, "भावजी, जेवा आता. भात गार होतोय." त्या दिवशी याहून अधिक बोलणे झाले नाही, आणि त्याची आवश्यकताही नव्हती.

पुढील दिवस भरभर गेले. ग्रँड केमन येथे मोठ्या जहाजांना धक्का नाही. लहान नावांतून किनाऱ्यास जावे लागते. त्या नावेत उतरताना आम्ही बंधूंचा हात धरला. कोणी कोणास सांभाळले ते सांगता येणार नाही. मेक्सिकोतील कोझुमेल बेटावर सॅन हर्वासिओ नावाचे प्राचीन स्थान आहे. माया लोकांच्या स्त्रिया होड्यांतून समुद्र ओलांडून इश्चेल या देवीच्या दर्शनास तेथे येत. वहिनींनी त्या मोडक्या चौथऱ्यास नमस्कार केला. बहामा बेटांत मुलांनी पाण्यात धुडगूस घातला. १४९२ मध्ये कोलंबस याच बेटांत उतरला व आपण हिंदुस्थानाजवळ पोचलो असे समजला. त्या चुकीमुळे या बेटांना वेस्ट इंडीज म्हणतात. चूक एकाची, आणि नाव पाचशे वर्षे चालले. शेवटच्या रात्री तो गोवेकर मुलगा वहिनींच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या मुलीसाठी स्वतःच्या हातची विणलेली टोपी दिली. ती टोपी त्यांनी कोणासाठी विणावयास घेतली होती हे आम्ही विचारले नाही.

अध्यक्षमहाराज, घराचा प्रश्न जहाजावर सुटला, असे सांगून टाळ्या घेणे आम्हांस सोपे आहे. तसे झालेले नाही. एका कागदावर अद्याप एक सही व्हावयाची आहे. परंतु परत आल्यापासून गणपतीत सर्व मंडळी त्याच घरात एका पंगतीस जेवली, आणि मोजणी वहिनींनी केली.

आपल्या ज्ञातीच्या सभांतून नेहमी तक्रार ऐकू येते, की तरुण मंडळी येत नाहीत, कुटुंबे विखुरली, कोणी पुण्यास, कोणी दुबईस, कोणी अमेरिकेस. आम्ही पहिल्या दिवशी केले तेच आपण करीत आहोत काय, याचा विचार व्हावा. सर्वांना सबंध दिवस एका दोरीत बांधू पाहिले तर दोरी तुटते. त्यांना मोकळे हिंडू द्यावे. मात्र एक पंगत अशी ठेवावी की तिची वेळ कोणी चुकवू नये. आणि वडीलधाऱ्यांनी आपणास ठाऊक असलेली वेळ धाकट्यांस वेळेवर सांगावी. मान, अपमान, वाटणी, हिशेब, ही सर्व नंतर पाहता येतात. जहाज कोणासाठी थांबत नाही.

प्रत्येक घरात माणसे मोजणारे एक माणूस असते. बहुधा ते घरातील सर्वांत कमी बोलणारे असते, आणि त्याचे भाडे कोणी भरावे याचीच घरात चर्चा चाललेली असते. त्या माणसास प्रथम बरोबर घ्यावे, एवढी विनंती आहे.